बाहुलीला 18व्या शतकातला फ्रेंच झगा शिवताना या चुका टाळा

मिनियापोलिसला डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि अंगणातला बर्फ मार्चपर्यंत हलत नाही. गेले चार हिवाळे या लांबलचक संध्याकाळी मी एकच काम करते आहे. 46 सेंमी उंचीच्या बाहुलीला 1770च्या सुमाराचा झगा शिवायचा. त्याला रोब आ ला फ्रांसेज म्हणतात. पाठीवर मानेपासून जमिनीपर्यंत मोकळ्या सुटलेल्या रुंद घड्या, दोन्ही कुशींना फुगवटा, पोटावर नक्षीची त्रिकोणी पट्टी, कोपराशी झालरी. शिवण मी आईच्या हाताखाली ब्लाउज शिवत शिकले, त्यामुळे सुई-दोऱ्याची भीती नव्हती. तरी पहिले दोन झगे उसवावे लागले.

वरून सुरुवात करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. रेशीम हातात आलं की थेट झगाच बेतायला घ्यावासा वाटतो. पण हा झगा स्वतःच्या बळावर उभा राहत नाही. आधी अंगाला सुती शेमीज, त्यावर ताठ कॉर्सेट, कमरेला दोन बाजूंचे सांगाडे म्हणजे पॅनिए, मग परकर, आणि सगळ्यात शेवटी झगा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये 1690च्या दशकातली लेडी क्लॅपम नावाची बाहुली आहे. तिचे आतले कपडेही खऱ्या बाईच्या कपड्यांसारखे नीट शिवलेले आहेत, वरच्या पोशाखाइतक्याच काळजीने. आतलं सगळं घालूनच बाहुलीचं माप घ्या. उघड्या बाहुलीचं माप इथे काही कामाचं नाही.

झगा आधीच शिवून झाला असेल आणि समोर मिटत नसेल तर लगेच उसवू नका. पोटावरची पट्टी, म्हणजे स्टमकर, रुंद करा. मूळ पोशाखातही ती सुटी असायची आणि टाचण्यांनी लावली जायची. एक-दीड सेंमीची तूट ती सहज पोटात घेते.

परकरांना नेफा करून नाडी ओवू नका. तीन परकर म्हणजे तीन नेफे, आणि बाहुलीच्या कमरेचा पार ओंडका होतो. पातळ मलमलीची एकच सपाट पट्टी घ्या आणि परकर तिच्यावर वर-खाली अंतराने जोडा, म्हणजे चुण्यांचे थर एकाच जागी साचत नाहीत.

कापड बाहुलीएवढं लहान होत नाही

बाहुली खऱ्या बाईच्या साधारण साडेतीन पट लहान, पण कापडाची जाडी तेवढीच राहते. बहुतेक बिघाड इथूनच निघतात. मूळ परकराचा घेर तीन मीटर धरला तर हिशेबाने बाहुलीला 85 सेंमी येतो. हिशेब बरोबर, पण तेवढं कापड कमरेशी मावत नाही. मी 65च्या आसपास थांबते. कापडावरचं 1 सेंमीचं फूल तिच्या अंगावर साडेतीन सेंमीचं वाटतं. जाड ड्युपियन (गाठाळ धाग्याचं खरबरीत रेशीम) टाळा, त्याचे धागे सुटतात आणि घड्या बसत नाहीत. 8 मॉमीचं (मॉमी म्हणजे रेशमाच्या वजनाचं माप) हाबोताई, म्हणजे मऊ पातळ रेशीम, किंवा पातळ टॅफेटा घ्या.

जुन्या पैठणीचा मोह मलाही झाला. काठ या मापात अवाढव्य दिसतो, तो वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अंगाचं साधं रेशीम मात्र सुरेख पडतं. कापण्याआधी ते उजेडात धरा आणि आडवं हलकेच ताणून बघा. विरलं असेल तर ताण येणाऱ्या शिवणींपासून दूर ठेवा. मलमलीचं अस्तर लावून स्टमकरला चालेल.

शिवताना माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, 6 मिमी सोडा, टाके पडले की 3 मिमीवर आणा. आधीच 3 मिमी कापलीत तर पातळ रेशीम बोटांतच सुटत जातं. कडेला धागे थांबवणारं द्रावण लावणार असाल तर आधी तुकड्यावर बघा, काही रेशमांवर त्याचा काळपट डाग राहतो.

पाठीच्या घड्या

या झग्याचा सगळा जीव पाठीत आहे. घड्या मोकळ्या दिसतात म्हणून अस्तर न लावताच शिवायला घेतलं की झगा तंबूसारखा लोंबतो. मूळ झग्यात घड्यांच्या आत अंगाबरोबर बसणारं अस्तर असतं आणि ते पाठीवर नाडीने आवळलेलं असतं. बाहेरून मोकळं, आतून घट्ट. मीही आधी मांजरपाटाचं अस्तर बाहुलीवर बसवते, पाठीत बारीक दोऱ्याची नाडी ठेवते, आणि रेशीम त्यावर टाचते. घड्या आधी कागदावर घालून बघा. दोन्हीकडच्या घड्या समान पडेपर्यंत कापडाला कात्री लावू नका. टाके फक्त वरच्या बाजूला घाला. खालपर्यंत शिवलं किंवा इस्त्रीने दाबलं तर पडणारं कापड पुठ्ठा होतं. दाबलंच असेल तर कच्चे टाके काढा, थोड्या अंतरावरून वाफ द्या आणि बाहुलीवर रात्रभर लटकू द्या.

शिवण मशीन 19व्या शतकाच्या मध्यावर आलं, म्हणून बाहेर दिसणारी मशीनची टीप या पोशाखात लगेच खटकते. लांब शिवणींना हातचा साधा धावदोरा पुरतो. त्या काळच्या शिवणाऱ्या बायकाही आतल्या शिवणी बऱ्याच मोठ्या टाक्यांनी पटापट घालत, कारण महागाचं रेशीम पुन्हा उसवून वापरायचं असे. बाहुलीसाठी 2 मिमीचा टाका बास. दोऱ्याला मेण लावा.

बाही घालताना ताठ बोटं अडकतात आणि अस्तर फाटतं. पंजाभोवती प्लास्टिकची गुळगुळीत पिशवी गुंडाळा, बाही घसरत वर जाते.

हिवाळ्याच्या चुका

1944-45च्या कडक हिवाळ्यात जळणाची टंचाई असताना पॅरिसच्या शिवणघरांनी सुमारे 70 सेंमी उंचीच्या तारेच्या बाहुल्यांना नव्या फॅशनचे पोशाख शिवले. तेआत्र द ला मोद नावाने मार्च 1945मध्ये त्यांचं प्रदर्शन पॅरिसमध्ये भरलं. त्यांच्या खोल्या थंड होत्या. आमच्या गरम असतात आणि आमची अडचण तिथूनच सुरू होते. बाहेरची उणे 20 अंशांची हवा घरात तापली की कोरडीठाक होते. रेशीम अंगाला चिकटतं, दोऱ्याची टोकं उभी राहतात, मलमलीचा कापलेला तुकडा भलत्याच ठिकाणी उडून बसतो. फ्लीसचा स्वेटर घालून शिवायला बसू नका, सुती घाला. टेबलावर धुतलेली सुती चादर पसरा. ह्युमिडिफायर 30-35 टक्क्यांवर ठेवा. जास्त केलंत तर खिडकीवर पाणी साचतं.

भेगाळलेली बोटं रेशमाचे धागे ओढतात. क्रीम लावून लगेच शिवायला बसलात तर तेलकट डाग पडतात. साखर आणि तेलाने बोटं चोळा, साबणाने धुवा, पुसून मग सुई धरा. क्रीम झोपताना.

रंग कधीही संध्याकाळच्या पिवळ्या दिव्यात जुळवू नका. दुपारी खिडकीशी जुळवा, पण सावलीतल्या बर्फावरून येणारा उजेड निळसर असतो. म्हणून रेशीम, दोरा आणि फीत एकत्र धरून बघा, एकेक करून नको. आणि दारात बर्फात पडून राहिलेल्या पार्सलमधला पाण्याचा अंश असलेला गोंद गोठला असेल तर तो गुठळ्या धरतो. तो झालरीला वापरू नका.

गडद लाल आणि काळं कापड बाहुलीच्या व्हिनाइलच्या (मऊ प्लास्टिकच्या) अंगावर कायमचा डाग सोडतं. कापडावर ओली पांढरी चिंधी घासून बघा. व्हिनेगरने सुती रंग पक्का होतो हे खरं नाही. पांढऱ्या मलमलीचं अस्तर लावा. टॅफेटावर वाफेच्या इस्त्रीचं पाणी ठिपकलं की डाग राहतो, म्हणून वर मलमल ठेवून कोरडीच इस्त्री करा.

पुरा झालेला झगा हीटरजवळ किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नका, प्लास्टिकमध्ये तर नकोच. घरी पैठणी जशी ठेवतो तसा, धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत. पाठीच्या प्रत्येक घडीत मलमलीची सैल सुरळी सरकवा आणि दर काही महिन्यांनी तिची जागा बदला.