पिकअप ऑफ-रोडसाठी तयार करताना: वजनकाट्यापासून यू-बोल्टपर्यंत

कुठलाही पार्ट मागवण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्या. टाकी पूर्ण भरलेली, स्टेपनी जागेवर, हौदा रिकामा, आत कोणी नाही. एकदा पूर्ण गाडीचं वजन करा, एकदा फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून आणि एकदा फक्त मागची. हे तीन आकडे लिहून ठेवा. गाडीचं कमाल एकूण वजन आणि दोन्ही एक्सलच्या वेगवेगळ्या मर्यादा दाराच्या खांबावरच्या पट्टीवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या असतात. या दोन्हींतला फरक हीच तुमची खरी शिल्लक. स्टीलचा पुढचा बंपर ६० ते ८० किलो, विंच (गाडी दोराने ओढणारं मोटरचं यंत्र) २५ ते ४०, दोन्ही बाजूंचे रॉक स्लायडर (दारांखालचे स्टीलचे दांडे) मिळून ४० ते ५०, खालचे स्टीलचे गार्ड ३० ते ४०, दुसरी बॅटरी ट्रेसकट २५ ते ३०, हौद्यावरची कॅनपी ७० ते १००, आतले ड्रॉवर ६० ते ८०. बेरीज तीनशेच्या वर जाते, हात सैल सोडला तर चारशेच्याही. हजार किलो वहनक्षमता असलेल्या पिकअपमध्ये चार मोठी माणसं आणि साठ लिटर पाणी धरलं की आणखी ३६० किलो संपले, आणि अजून तंबू, फ्रिज, हत्यारं चढायचीच आहेत.

वजन कुठे बसतं, हेही मांडा. एक्सलच्या पुढे टांगलेलं वजन तरफेसारखं काम करतं: ३.१ मीटर व्हीलबेसच्या गाडीत पुढच्या एक्सलच्या ८० सेंटिमीटर पुढे १०० किलो लावले, तर पुढच्या एक्सलवर साधारण १२६ किलो वाढतात आणि मागचा एक्सल २६ किलोंनी हलका होतो. म्हणून एकूण वजन मर्यादेत असूनही पुढचा एक्सल मर्यादेबाहेर गेलेल्या गाड्या दिसतात. प्रत्येक वस्तू घेताना ती कागदावर वजनासकट चढवा. मोठ्या बदलांना नोंदणीचे आणि विम्याचे नियम लागू होतात, ते काम सुरू होण्याआधीच विचारून घ्या.

पुढची पायरी कंटाळवाणी आहे, म्हणून ती सहसा राहून जाते. आहे ती गाडी आधी ठणठणीत करा. कंट्रोल आर्मचे बुश, बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग, ड्राइव्हशाफ्टचे रबरी बूट, ब्रेक पॅड, दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारी पेटी) यांचं ऑइल. सैल बॉल जॉइंटवर नवं सस्पेन्शन चढवलं की खडखड तशीच राहते आणि दोष नव्या सामानाला दिला जातो. लो रेंज (जास्त जोराचे सावकाश गिअर) आणि फॅक्टरीचा डिफ लॉक (एक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) असेल तर दोन्ही कच्च्या जमिनीवर लावून पाहा. वापराविना अडकलेला लॉक चिखलात गेल्यावर सुटत नाही.

मग गाडी ओढून काढण्याचे पॉइंट. पुढे दोन, मागे किमान एक, थेट चासीला बोल्ट केलेले आणि क्षमता छापलेले. कारखान्यातून येणाऱ्या पातळ कड्या वाहतुकीत गाडी बांधून ठेवायला दिलेल्या असतात. चिखलात रुतलेल्या गाडीचा झटका त्या सहन करत नाहीत. टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) पट्टा अडकवायचा नाही, कुठल्याही परिस्थितीत नाही. तो तुटला की पट्ट्याच्या ताणासकट उडतो आणि काच फोडून आत येतो, यात माणसं मेलेली आहेत. सोबत एक कायनेटिक दोर किंवा स्नॅच पट्टा (दोन्ही ताण पडल्यावर लांबणारे) ठेवा, तुटण्याची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दोन ते तीन पट. ४.७५ टन क्षमतेचे दोन बो शॅकल (पट्टा जोडायच्या पिनवाल्या धातूच्या कड्या) किंवा त्याऐवजी दोराचे सॉफ्ट शॅकल, झाडासाठी रुंद पट्टा, दोरावर टाकायला जड गोधडीवजा डॅम्पर, फावडं आणि ट्रॅक्शन बोर्डची (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्यांची) एक जोडी. शॅकलची पिन पूर्ण घट्ट करून पाव आटा मागे घ्या, नाहीतर ताण पडल्यावर ती जॅम होते. ताणणारा पट्टा विंचला जोडू नका, त्यात साठलेली ताकद आवरता येत नाही.

पैसे सगळ्यांत जास्त कुठे वसूल होतात, तर टायरमध्ये. सस्पेन्शनच्या आधी टायर घ्या, कारण कच्च्या रस्त्यावरच्या बहुतेक अडचणी चांगला टायर आणि कमी केलेली हवा एवढ्यावरच सुटतात. बहुतेकांना ऑल-टेरेन पुरतो. मड-टेरेन दणकट असतो, पण डांबरावर आवाज करतो, ओल्या रस्त्यावर पकड कमी देतो आणि इंधन खातो. आठवड्यातले सहा दिवस गाडी रस्त्यावर असेल तर त्या वाटेला जाऊ नये. प्रवासी गाडीचा टायर नको, लाइट ट्रक प्रकारचा घ्या. त्याची बाजूची भिंत जाड असते आणि खडकाच्या धारेवर फाटतो तो बाजूनेच. मात्र तेवढंच वजन पेलायला त्याला रस्त्यावर थोडी जास्त हवा लागते, तेव्हा जुनाच आकडा भरू नका.

आकार वाढवताना हिशोब करा. २६५/६५ आर १७ चा व्यास साधारण ७७६ मिलिमीटर, २६५/७० आर १७ चा ८०३. फरक २७ मिलिमीटर, पण डिफरन्शियलखाली मिळतात फक्त त्याच्या निम्मे, म्हणजे १३. २८५/७० आर १७ म्हणजे ८३१ मिलिमीटर. इथे खाली २७ मिलिमीटर मिळतात, पण टायर मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला आणि केबिनच्या पुढच्या माउंटला घासू लागतो, गिअरिंग सात टक्क्यांनी लांबतं, स्पीडोमीटरवर १०० दिसताना गाडी १०७ च्या आसपास पळत असते आणि ब्रेकलाही जास्त जोर लागतो. बहुतेक पिकअपना पहिली उडी पुरेशी आहे. रिम बाहेर काढून गाडी रुंद दिसते खरी, पण बेअरिंगवरचा भार वाढतो आणि स्टीअरिंग हाताला झटके देतं. ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते ते) मूळच्या जवळच ठेवा.

टायर पाच घ्यायचे. वेगळ्या व्यासाची स्टेपनी फोर-व्हील मोडमध्ये लावली की दोन्ही बाजूंची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि डिफरन्शियल तापतं. मोठी स्टेपनी हौद्याखालच्या जागेत बसते का, सायलेन्सरपासून किती लांब राहते, हे खरेदीआधी मोजा. बसली नाही तर ती हौद्यात येईल आणि तिथलं सगळं नियोजन बदलेल.

हवेचे आकडे गाडीगणिक बदलतात, सुरुवात म्हणून हे धरा: खडीच्या रस्त्यावर २६ ते २८ पीएसआय, खडकावर २० ते २२, चिखलात १८ ते २२, वाळूत १५ ते १८. हौदा भरलेला असेल तर मागे तीन-चार पीएसआय जास्त. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांबीने पसरतो, पकड त्या लांबीतून येते. १५ च्या खाली झटक्यात स्टीअरिंग वळवलं तर टायर रिमवरून निसटू शकतो. हवा कमी असताना वेगही कमी ठेवा, वाळूच्या दाबावर ताशी ४० च्या वर जाऊ नका आणि डांबर लागण्याआधी परत भरा, नाहीतर बाजूची भिंत आतून तापून सुटते. भरायला कॉम्प्रेसर लागतो आणि तो लायटरच्या सॉकेटवर चालवू नये. चांगला १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर ३० अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतो, सॉकेटचा फ्यूज बहुतेक १० ते १५ चा असतो. क्लिप थेट बॅटरीला लावा. सोबत पंक्चरची दोरी, सुया, व्हॉल्व्हच्या जास्तीच्या पिन आणि स्वतःचा गेज.

आता सस्पेन्शन. स्प्रिंग ठरवताना आधी विचारायचं ते असं: कायमचं वजन किती? विंच-बंपर चढणार असेल तर पुढची स्प्रिंग त्या वजनासाठीची घ्या, नाहीतर उंची वाढवूनही नाक खालीच राहील. मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) कायमच्या भारानुसार मिळतात, बहुधा शून्य ते १००, ३०० किंवा ५०० किलो अशा टप्प्यांत. ५०० चे पाटे रिकाम्या हौद्याखाली लावले तर गाडी प्रत्येक खड्ड्यावर मागून उडते आणि वळणावर मागचा भाग सुटतो. एखादा जादा पाटा घालण्यापेक्षा पूर्ण सेट बरा. शॉकअप त्याच लांबीचे हवेत. जुने आखूड शॉकअप चाक खाली लटकलं की तणून तुटतात.

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर ४० ते ५० मिलिमीटरवर थांबा. त्यापलीकडे ड्राइव्हशाफ्टचा कोन वाढून रबरी बूट फाटतात, वरचा बॉल जॉइंट शेवटाला टेकतो आणि कॅस्टर (स्टीअरिंगच्या आसाचा मागे कललेला कोन) इतका कमी होतो की स्टीअरिंग आपोआप सरळ होत नाही, गाडी रस्त्यावर भटकते. ते सुधारायला वेगळे अप्पर आर्म लागतात. स्ट्रटवर (पुढच्या स्प्रिंग-शॉकअपच्या जोडीवर) स्पेसर ठेवून केलेली उंची स्वस्त पडते, पण स्प्रिंग तीच राहते, चाकाचा एकूण प्रवास वाढत नाही आणि चाक खाली लटकताना सगळा मार सांध्यांवर येतो. मागे दोन तुकड्यांचा प्रोपेलर शाफ्ट असेल तर उंची वाढवल्यावर गाडी सुटताना, ताशी २० ते ४० च्या दरम्यान, बुडाखाली थरथर जाणवते. मधलं बेअरिंग थोडं खाली घेणारे स्पेसर टाकले की ती जाते. अनेक पिकअपमध्ये मागच्या एक्सलला एक सळई जोडलेली असते, ती हौद्यातल्या भारानुसार मागचा ब्रेक कमी-जास्त करते. गाडी उचलली की त्या व्हॉल्व्हला हौदा रिकामाच वाटतो आणि मागचा ब्रेक दुबळा होतो. तिचा ब्रॅकेट बदलून घ्या किंवा सेटिंग करून घ्या. हे बऱ्याच वर्कशॉपमध्ये राहून जातं, स्वतः वाकून बघा.

बसवताना पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तेवढी पकड देत नाही. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना अखेरचे घट्ट करू नका, नाहीतर बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन त्यांच्यावर, मग टॉर्क रेंच. त्यानंतर चाकं पुन्हा पूर्ण लटकवून स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा आणि ब्रेकची नळी, एबीएसची वायर कुठे ताणते ते हाताने चाचपा. शेवटी व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटचा कोन.

गाडी मागून बसते म्हणून पाट्यांवर एअरबॅग (हवेने फुगणारी रबरी पिशवी) टाकण्याची फॅशन आहे. जपून. पाटे भार दोन टोकांनी चासीत देतात, एअरबॅग तो मध्ये एकाच जागी देते. त्यात एक्सलच्या मागे जड सामान किंवा ट्रेलरचा भार आणि समोर खड्डा आला, की चासी केबिन आणि हौद्याच्या मधे वाकते. डबल कॅब पिकअपमध्ये हे वारंवार घडतं आणि दुरुस्ती गाडीच्या किमतीशी स्पर्धा करते. पाण्याच्या टाक्या, बॅटरी, हत्यारांची पेटी असं जड सामान केबिनला चिकटून आणि तळाशी बांधा.

खालून संरक्षणाचं काम सरळ आहे: इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसखाली गार्ड, ऑइल काढायच्या बोल्टसमोर भोक ठेवून. चिखल साचू नये म्हणून तेही खोलता आले पाहिजेत. पिकअपचा व्हीलबेस लांब, म्हणून ती उंचवट्यावर मधोमध टेकते, तेव्हा स्लायडर शोभेचे नकोत. चासीला बोल्ट केलेले हवेत. पत्र्याला लावलेलं पायदान खडकावर टेकलं की दाराखालचा पत्रा आत घेऊन वाकतं. पुढचा बंपर घेताना अपघातात फुगणाऱ्या एअरबॅगचे सेन्सर, रडार आणि कॅमेरा यांच्याशी जुळणाराच घ्या.

पाण्याबद्दल गैरसमज फार. स्नॉर्कलने गाडीची पाण्यात जायची मर्यादा वाढत नाही, फक्त इंजिनची हवा उंचावरून येते. डिफरन्शियल प्रवासात तापलेलं असतं, थंड पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. म्हणून स्नॉर्कलच्या आधी दोन्ही डिफरन्शियल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या ब्रीदरच्या (आतली हवा ये-जा करण्याच्या) नळ्या इंजिनच्या खोलीत उंच न्या. हे काम अर्ध्या दिवसाचं. स्नॉर्कल लावलात तर त्याचे सगळे जोड आणि एअरबॉक्सचं पाणी निघायचं भोक बंद आहे का ते पाहा: इंजिन आयडलवर ठेवून स्नॉर्कलचं तोंड झाका, इंजिन गुदमरलं पाहिजे. नाही गुदमरलं तर ते दुसरीकडून हवा घेतंय, आणि तिथूनच पाणीही घेईल.

विंचची क्षमता भरलेल्या गाडीच्या दीडपट. २,८०० किलोंच्या गाडीला ९,५०० पौंडांची विंच जेमतेम पुरते, ३,१०० झाले की १२,००० पौंडांची. छापलेली क्षमता ड्रमवरच्या पहिल्या थराची असते, वरच्या थरांवर ती घटत जाते. म्हणून शक्य तेवढा दोर सोडून ओढा, ड्रमवर मात्र स्टीलचे किमान पाच आणि सिंथेटिकचे आठ-दहा वेढे ठेवा. पुली लावली की ओढ जवळपास दुप्पट, वेग निम्मा. पूर्ण भारावर विंच ४०० अँपिअरच्या आसपास घेते, तेव्हा तारा जाड, मुख्य बॅटरी ताजी आणि इंजिन चालू. बाकी विजेच्या प्रत्येक जोडणीचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात असावा. तार बॉनेटखाली घासून उघडी पडली तर आग फ्यूजच्या अलीकडच्या तुकड्यात लागते. जादा डिफ लॉकरचा विचार त्यानंतर आणि आधी मागचा, कारण रिकाम्या पिकअपचं मागचं चाकच आधी हवेत उचललं जातं.

जॅक विसरू नका. उचललेल्या गाडीला मूळचा जॅक कमी पडतो. तो पोचतो का ते घरीच नव्या टायरसकट करून बघा आणि मऊ जमिनीसाठी ३० सेंटिमीटर चौरस, इंचभर जाड फळी ठेवा.

सगळं झाल्यावर भरलेली गाडी परत काट्यावर, पहिल्यासारखेच तीन आकडे. मग एक चाक ठोकळ्यावर चढवून, स्टीअरिंग पूर्ण वळवून टायर कुठे घासतो ते चारही कोपऱ्यांत बघा. प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टवर आणि नटवर रंगाची एक रेघ ओढा, रेघ मोडली की बोल्ट हलला. चाकाचे नट ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क करा, यू-बोल्ट पहिल्या कच्च्या फेरीनंतर आणि परत ५०० किलोमीटरला. पाण्यातून जाऊन आल्यावर डिफरन्शियलचा वरचा बोल्ट काढून बोट बुडवा. ऑइल दुधाळ दिसलं तर त्याच आठवड्यात बदला.