हवामान बिघडण्याआधी इंग्लिश खाडी ओलांडायची असेल तर: आधी डिझेलचा फिल्टर

शिडाच्या छोट्या नौकेतून इंग्लंडमधल्या डोव्हरहून फ्रान्समधल्या कॅलेला निघताना लाइफजॅकेट, फ्लेअर (संकटाचा इशारा देणाऱ्या मशाली), पासपोर्ट कुणी विसरत नाही, म्हणून त्यांवर शब्द घालवत नाही. पहिलं काम इंजिनचं झाकण उघडून डिझेलचा फिल्टर बघणं. वारा वाढायच्या आत पलीकडे पोचायची घाई असते तेव्हा नेमकं हेच राहतं, कारण धक्क्याला इंजिन एका झटक्यात लागतं. तिथे ते लागणारच. टाकीच्या तळाचं पाणी आणि त्यावर वाढलेला काळा, बुळबुळीत गाळ तिथे शांत पडून असतो. बाहेर लाटांत नौका तासभर हिंदकळली की तो ढवळतो, नळीत ओढला जातो आणि फिल्टर तुंबतो. इंजिनचा वेग आपोआप कमी-जास्त व्हायला लागतो, आवाज घुसमटतो आणि इंजिन बंद पडतं. तोवर तुम्ही जहाजांच्या लेनमध्ये, म्हणजे मोठ्या जहाजांना आखून दिलेल्या एकेरी मार्गात, असता.

म्हणून आदल्या दिवशी (निघायच्या सकाळी नव्हे) पहिल्या (टाकी आणि इंजिनच्या मधल्या) फिल्टरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून कपभर डिझेल पारदर्शक बरणीत काढा आणि दहा मिनिटं तसंच ठेवा. तळाशी पाणी किंवा काळे कण दिसले तर स्वच्छ येईपर्यंत पुन्हा काढा. गाळ थांबतच नसेल तर टाकी साफ होईपर्यंत निघणं रद्द. टाकी काठोकाठ भरा. पातळी कमी असली की नौका कलल्यावर नळीचं तोंड उघडं पडतं आणि हवा शिरते. दोन्ही फिल्टर बदला. पहिल्याचे किमान दोन सुटे फिल्टर, रबरी रिंगांसह, जवळ ठेवा. एकावर भागत नाही, कारण एकदा ढवळलेला गाळ नवा फिल्टरही बघता बघता तुंबवतो.

फिल्टर बदलताना नळीत शिरलेली हवा काढता येत नसेल तर सुटे फिल्टर असून उपयोग नाही. धक्क्याला बांधलेल्या नौकेतच एकदा करून बघा. दुसऱ्या (इंजिनवरच्या) फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करा, खाली चिंधी धरा, फीड पंपाची (इंजिनकडे डिझेल ढकलणाऱ्या पंपाची) छोटी दांडी हाताने मारत राहा. आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग डिझेल येतं. ती धार चालू असतानाच स्क्रू आवळा. दांडी ढिली लागली आणि काहीच ढकलत नसेल तर लगेच पंपाला दोष देऊ नका. बहुतेक वेळा पंप हलवणारा आतला कॅम (फिरता उंचवटा) वर येऊन थांबलेला असतो. इंजिन एक फेरा फिरवलं की दांडीला जोर येतो. स्टार्टर पुन्हापुन्हा मारावा लागला तर समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवा, नाहीतर एक्झॉस्टमध्ये साचलेलं पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. इंजिन लागल्या क्षणी तो उघडा. त्या स्क्रूला लागणारा पाना दोरीने इंजिनजवळच टांगा, डोक्याला लावायचा दिवा शेजारी. उलटीवरची गोळी निघायच्या आधीच घ्या, सगळ्यांनीच. लाटांत डिझेलच्या वासात डोकं खाली घालून हे काम करायचं आहे.

आता हवामान. ब्रिटिश शिपिंग फोरकास्टमधले (समुद्रावरच्या हवामानाच्या अंदाजातले) ‘डोव्हर’ आणि ‘वाइट’ हे दोन्ही सागरी भाग ऐका, कारण वादळ बहुधा नैऋत्येकडून येतं. वादळी वाऱ्याच्या इशाऱ्यात ‘इमिनंट’ म्हणजे इशारा दिल्यापासून ६ तासांच्या आत, ‘सून’ म्हणजे ६ ते १२ तासांत, ‘लेटर’ म्हणजे १२ तासांनंतर. तास इशारा दिल्याच्या वेळेपासून मोजायचे, तुम्ही ऐकल्यापासून नाही. अंतर साधारण २२ सागरी मैल, ५ नॉटने (ताशी ५ सागरी मैलांनी) साडेचार-पाच तास. ‘सून’ ऐकलं तर निघू नका. कागदावर वेळ पुरतो, पण इंजिन अडलं की पाचाचे आठ तास होतात.

उधाणाला इथला प्रवाह ४ नॉटपर्यंत जातो. प्रवाह नैऋत्येला वाहत असताना समोरून नैऋत्येचा वारा आला की लाटा आखूड आणि उभ्या होतात; त्याच वाऱ्यात प्रवाह उलटा असता तर समुद्र बराच सुसह्य असतो. निघायची वेळ प्रवाहाच्या तक्त्यावरून ठरवा, सोयीवरून नाही. टाकी सर्वांत जास्त ढवळते तीही याच उभ्या लाटांत. फिल्टर बघितला ना?

लेनमध्ये नौकेचं नाक वाहतुकीला काटकोनात ठेवायचं (टक्कर टाळण्याच्या १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला नियम १०). प्रवाहाने मार्ग तिरका झाला तरी चालेल. तो सरळ करायला नाक वळवलं तर लेनमध्ये जास्त वेळ अडकाल. इंग्लंडकडून निघाल्यावर पहिल्या लेनमधली जहाजं डावीकडून येतात, दुसरीतली उजवीकडून. शिडाची नौका असो वा २० मीटरपेक्षा लहान, लेनमधल्या यांत्रिक जहाजाला अडथळा करायचा नाही. शीड आहे म्हणून वाट मिळेल हा समज इथे सोडा. १८ नॉटचं जहाज ६ मैल २० मिनिटांत कापतं, तेवढ्यात तुम्ही पावणेदोन मैलही जात नाही. हातातल्या कंपासवर दर दोन-तीन मिनिटांनी येणाऱ्या जहाजाची दिशा घ्या. दिशा बदलत नसेल आणि अंतर घटत असेल तर टक्कर ठरलेली. लवकर आणि ठळक वळा, जहाजाच्या मागून जा. एआयएसच्या (जहाजांची जागा रेडिओवरून दाखवणाऱ्या यंत्रणेच्या) पडद्यावर विसंबू नका.

इंजिनवर असलात तरी मुख्य शीड रीफ घालून (आखूड करून) वर ठेवा, सोबत शिडाबरोबर इंजिनही चालू असल्याची खूण म्हणून काळा शंकू टोक खाली करून. इंजिन गेलं तर नौका हलती राहील आणि एक जण खाली जाऊन फिल्टर बदलू शकेल. शीड गुंडाळलेलं असेल तर लेनमध्ये नुसतं वाहत राहाल. हलता येत नसेल तर वाट न बघता रेडिओच्या चॅनेल १६ वर डोव्हर कोस्टगार्डला ठिकाण सांगा.

रीफ बंदरातच घाला. जॅकलाइन (डेकवर स्वतःला अडकवून घ्यायचा दोर) बांधा, हॅच (डेकवरची झाकणं) बंद, गरम पाणी थर्मासमध्ये, खाणं हाताशी.

कॅले बंदराच्या तोंडाशी फेरीबोटींची ये-जा असते. आत शिरण्याआधी रेडिओवर परवानगी. आतलं यॉट-बेसिन भरतीच्या आसपासच उघडतं, वेळ आधी बघा. ती चुकत असेल तर बुलोन हे फ्रान्सचंच दुसरं बंदर. तिथे भरती असो वा ओहोटी, कुठल्याही पाण्याला शिरता येतं.