काजूच्या हंगामात माकडतापापासून वाडी कशी सांभाळावी

दोडामार्ग, सावंतवाडी, बांदा आणि पलीकडे गोव्यातली सत्तरी या पट्ट्यात डिसेंबर उजाडला की काजूला मोहर येतो आणि पाठोपाठ माकडतापाची काळजी सुरू होते. पावसाळाभर आपण डासांच्या मागे असतो. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळून पिंपं घासणं, टायरातलं पाणी ओतून टाकणं हे करायलाच हवं. पण माकडताप डासामुळे होत नाही, गोचिडामुळे होतो. म्हणून माकडतापासाठी ‘गावात धुराचं मशीन फिरवा’ ही दरवर्षीची मागणी फुकट जाते. धुराने उडते डास मरतात, पातेऱ्याखाली, म्हणजे वाळक्या पानांच्या थराखाली, दडलेल्या गोचिडाला त्याचं काही नाही.

हा आजार पहिल्यांदा सापडला १९५७ साली, कर्नाटकातल्या शिवमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात. आधी माकडं मेली, मग माणसं तापाने पडली. विषाणू शोधला तो पुण्यातल्या संस्थेने, जिला आज आपण एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) म्हणून ओळखतो. २०१५ मध्ये सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात त्याने काजूत राबणाऱ्या माणसांना गाठलं.

माकड मेलं तर

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे. वानर किंवा केल्डं (लाल तोंडाचं माकड) या विषाणूने मरतं, अंग थंड पडतं आणि त्याच्यावरचे गोचीड खाली उतरून आजूबाजूला पसरतात. त्यामुळे ती जागाच धोक्याची होते.

मेलेल्या माकडाला हात लावू नका. काठीने ओढून ओहोळात टाकू नका, स्वतः खड्डा खणून पुरू नका. मुलांना आणि कुत्र्यांना तिकडे फिरकू देऊ नका. जागेची खूण लक्षात ठेवा आणि त्याच दिवशी वनरक्षक, आरोग्यसेवक किंवा आशाताईंना कळवा. वनखात्याचा १९२६ हा नंबरही आहे. मग खात्याची माणसं संरक्षक कपडे घालून येतात, तपासणीसाठी नमुना घेतात, मृतदेह जाळतात आणि भोवतालच्या जमिनीवर कीटकनाशक पावडर मारतात. कधी कधी आरोग्य कर्मचारी जंगलात पांढरं कापड जमिनीवरून ओढत नेताना दिसतील. कापडाला चिकटलेले गोचीड गोळा करून त्यात विषाणू आहे का, हे पाहतात.

‘कळवलं तर आमची बाग बंद करतील, ऐन बियांच्या दिवसांत नुकसान होईल’ या भीतीने माणसं गप्प बसतात. भीती खोटी नाही, वर्षाची कमाई त्या दोन-तीन महिन्यांत असते. तरी कळकळीने सांगतो, कळवा. एक दिवस लपवलेलं माकड शेजारच्या बागेत वाकून बी वेचणाऱ्या बाईच्या जिवावर उठू शकतं. पावडर मारून झाली तरी आरोग्य खात्याने सांगेपर्यंत त्या जागेवर जाऊ नका.

बागेत जाताना

माणसाला बहुतेक वेळा चावतं ते गोचिडाचं पिल्लू. ते इतकं बारीक असतं की तीळ वाटावा, आणि चावलेलं कळतही नाही. म्हणून अंग झाकणं हाच मुख्य उपाय. पूर्ण बाह्यांचा फिकट रंगाचा सदरा, पायात बूट आणि पँट मोज्यांत खोचलेली. साडी नेसणाऱ्यांनी आतून घट्ट लेगिंग घालून ती मोज्यांत खोचावी. निघण्याआधी उघड्या हातापायांना गोचीड दूर ठेवणारं तेल लावावं. डीएमपी किंवा डेपा तेल प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतं का, ते आशाताईंना विचारा. डोळ्यांना आणि जखमेला मात्र ते लागू देऊ नका.

आणि बोंडू (काजूचं फळ) पिळून झाला, जरा पाठ टेकू म्हणून पातेऱ्यावर पडायचं नाही. बसायचं तर झाडून घेतलेल्या कातळावर बसा.

घरी आल्यावर

कपडे अंगणातच उतरवून कढत पाण्यात भिजवा. मग साबण लावून, अंग घासून गरम पाण्याने आंघोळ करा. काखा, जांघा, गुडघ्यामागची वळकटी, कानामागची जागा घरच्यांकडून नीट पाहून घ्या. गोचीड चिकटलेला दिसला तर चिमट्याने अगदी कातडीजवळ धरून सरळ वर ओढा. रॉकेल ओतणं, काडीचा चटका देणं, नखांवर चिरडणं हे सगळं टाळा. नंतर जागा आणि हात साबणाने धुवा.

पातेऱ्याचंही बोलायला हवं, कारण भाजावळीसाठी (पेरणीआधी जमीन भाजायला) आणि गोठ्यात अंथरायला तो आपण भारे बांधून घरी आणतो. माकडं मेली त्या रानातला पातेरा या हंगामात आणूच नका. जंगलात चरून येणाऱ्या गुरांच्या अंगावरूनही गोचीड दारापर्यंत येतो, म्हणून पशुवैद्यकीय दवाखान्यातून औषध आणून गुरांना लावत राहा.

ताप आला तर

चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत एकाएकी जोराचा ताप येतो. डोकं फुटेल इतकं दुखतं, अंग ठणकतं, उलट्या-जुलाब होतात, काहींना नाका-हिरड्यांतून रक्त येतं. घरी काढे पीत थांबू नका. केंद्रावर गेल्यावर डॉक्टर विचारोत न विचारोत, ‘मी काजूत जातो’, ‘आमच्याकडे माकड मेलंय’ हे आपणहून सांगा. नाहीतर साधा ताप म्हणून गोळ्या मिळतात आणि रक्ताचा नमुना घ्यायचा राहून जातो. अंगदुखीवर दुकानातली अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. विषाणूवर खास औषध नाही. कर्नाटकात वर्षानुवर्षं दिली जाणारी लसही अपुरी पडते म्हणून थांबवली गेली. पण वेळेवर सलाईन आणि देखरेख मिळाली तर बहुतेक माणसं बरी होतात. हा आजार माणसाकडून माणसाला लागत नाही, तेव्हा आजारी माणसाच्या घरी जायला, त्याला पेज नेऊन द्यायला घाबरू नका.

ताप उतरल्यावर लगेच बागेत पळू नका. काहींना एक-दोन आठवड्यांनी तो पुन्हा उलटतो, आणि त्या वेळी डोकेदुखी, मान आखडणं, हात थरथरणं, भ्रम होणं अशी लक्षणं दिसू शकतात. तसं काही दिसलं तर रात्र असली तरी १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा.