वही मिटा, मग अभ्यास करा

लेक्चर झाल्यावर नोट्स पुन्हा पुन्हा वाचणं हा अभ्यासाचा सगळ्यात सोपा प्रकार, आणि बहुधा सगळ्यात फसवा. चौथ्यांदा वाचताना पान ओळखीचं वाटतं आणि ते आपल्याला येतं असा समज होतो. पेपरात मात्र पान समोर नसतं.

त्याऐवजी त्याच दिवशी संध्याकाळी वही मिटून आजच्या तासाचं आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहून काढा. दहा मिनिटं पुरतात. आकृती, सूत्र, तुटक वाक्यं, काहीही चालेल. मग वही उघडून राहिलेलं वेगळ्या रंगाने भरा. त्या रंगात जे आहे, तोच तुमचा उरलेला अभ्यास. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे विद्यार्थ्यांवर तपासलं होतं: पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे. आदल्या रात्रीची घोकंपट्टी पेपरापुरती तारून नेते आणि पुढच्या सेमिस्टरला पाटी कोरी, ते यामुळेच.

दोन दिवसांनी आणि मग आठवड्याने हेच पुन्हा करा, दर वेळी नव्या कागदावर. गणितात सोडवलेलं उदाहरण झाकून पहिली पायरी स्वतः मांडायची. (उत्तर बघून ‘हो, मी असंच करणार होतो’ म्हणणं धरायचं नाही.)

तरीही एखादा भाग आठवतच नसेल, तर शिक्षकांकडे तो कागदच घेऊन जा. ‘समजलं नाही’ म्हणण्यापेक्षा नेमकं कुठे अडलं ते बोट ठेवून दाखवता येतं.