पॉइंट टू-टू पिस्तूल घेतलंय? मग या चुका टाळा

"सर, माल खराब आलाय, राउंड अडकतायत." रेंजवर हे वाक्य ऐकलं की मी काडतुसांकडे बघतच नाही. पिस्तूल रिकामं करून घेतो, उघडतो आणि चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेची, मागची कड बघतो.

टू-टूच्या रिमफायर काडतुसात प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारा मसाला, मधोमध नसतो, बुडाच्या कडेत भरलेला असतो. म्हणून फायरिंग पिनही कडेवरच आपटते. चेंबर रिकामं असेल तर बऱ्याच पिस्तुलांत तिचा घाव थेट नळीच्या पोलादावर बसतो. घरी रोज संध्याकाळी असं ड्राय फायर, म्हणजे काडतूस न घालता ट्रिगर दाबण्याचा सराव, केलं की तिथं खळगा पडतो आणि दबलेला धातू चेंबरच्या आत येतो. मग राउंड पूर्ण बसत नाही, आणि बसला तर उडाल्यावर रिकामी पुंगळी निघत नाही.

आमच्याकडच्या एका मुलीचं राज्य स्पर्धेत हेच झालं. 25 मीटर पिस्तूलच्या रॅपिड टप्प्यात दर गोळीला लक्ष्य 3 सेकंद दिसतं, 7 सेकंद फिरलेलं असतं. त्या 3 सेकंदांत तिची पुंगळी अडकली. एका बिघाडाची सवलत मिळते, ती वापरली; पुढच्याच सिरीजमध्ये पुन्हा तेच. त्याआधी घरच्यांनी तीन कंपन्यांची काडतुसं आणली होती, स्प्रिंग बदलली होती, पुंगळी ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टरसुद्धा बदलला होता. मी चेंबरच्या कडेवरून नख फिरवलं, तर ते अडलं. कारागिरानं आत आलेला धातू बेतानं दाबून मागं सारला, आणि पिस्तूल पुन्हा चालायला लागलं. वर्षभर घाम गाळणाऱ्या त्या पोरीला एवढी साधी गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती, याचा मला अजून राग येतो.

काही टार्गेट पिस्तुलांना ड्राय फायरची वेगळी सोय असते. मॅन्युअल वाचा, तीन पानं वाचायला कंटाळा करणाऱ्यानं पिस्तूल घेऊच नये. सोय नसेल तर स्नॅप कॅप, म्हणजे सरावाचं खोटं काडतूस, घाला. झिजली की मी लगेच टाकून देतो.

दुसरी चूक तेलाची. टू-टूच्या शिशाच्या गोळीवर मेण किंवा ग्रीस असतं. त्यात न जळलेली बारुद आणि तुमचं तेल मिसळलं की काळा चिखल होतो आणि एक्स्ट्रॅक्टरखाली साचतो. पावसाळ्यात गंजाच्या भीतीनं लोक तेल ओततात. मी बोटाला लागेल इतकंच तेल स्लाइडच्या खाचांना लावतो. चेंबर कोरडं. फोमच्या पेटीत पिस्तूल ठेवून जून ते सप्टेंबर विसरू नका. फोम ओल धरतो.

नळी मागून साफ करता येत असेल तर तोंडाकडून सळई घालू नका.

हाय व्हेलॉसिटी, म्हणजे जादा वेगाची, काडतुसं नकोत. बहुतेक टार्गेट पिस्तुलं स्टँडर्ड व्हेलॉसिटीसाठी बांधलेली असतात.

राउंड उडाला नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून 30 सेकंद थांबा. आवाज दबका आला तर पुढचा राउंड मारूच नका, नळीत गोळी अडकलेली असू शकते. इथं घाई करणाऱ्याला मी त्या दिवशी पुन्हा लेनवर उभं राहू देत नाही.

आणि ट्रिगर घासून हलका करू नका. स्पोर्ट्स पिस्तुलाचा ट्रिगर किमान 1000 ग्रॅम वजन पेलणारा लागतो. मी 1030 वर ठेवतो आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी वजन लावून पुन्हा तपासतो.