सांगलीतलं घर काढून न्यूझीलंडला येताय? मग हे वाचून या

दरवर्षी पावसाळा उलटला की सांगलीकडचे फोन सुरू होतात, की ताई आता बास, घर काढून टाकतो आणि पोरांना घेऊन तिकडंच येतो. मला कळतं ते. जुलै-ऑगस्ट आला की कोयनेतून किती सोडलं आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट झालं एवढंच बघत बसायचं, ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला तर ५७ च्या वर गेलं पाणी. गावभागातल्या माणसानं कपाटं माडीवर चढवायची तरी किती वेळा? त्यामुळं येऊ नका असं मी म्हणणार नाही. पण सगळे व्हिसाच्या मागं धावतात आणि घराचं ‘बघू नंतर, भाऊ आहे की तिथं’ म्हणून विमानात बसतात. व्हिसाचं मी काही सांगत नाही, लायसन्सवाला इमिग्रेशन ॲडव्हायझर गाठा, गावातल्या एजंटाच्या नादी लागू नका, विषय संपला.

घर विकायचंच असेल तर निघायच्या आधी विका. खरेदीखत झालं, पैसे खात्यात आले, मगच तिकीट.

कारण सांगते. तुम्ही रेसिडेंट (इन्कम टॅक्सच्या हिशोबानं भारतात राहणारे) असताना ५० लाख किंवा त्याच्या वरचं घर विकलं तर घेणारा १ टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा टॅक्स, कापतो. तेच तुम्ही एनआरआय झाल्यावर विकलं तर साडेबारा टक्के, वर सेस, रक्कम मोठी असेल तर सरचार्ज पण, हे दोन्ही टॅक्सवरचे जादा कर. आणि खरं तर तो नफ्यावर असला तरी लोअर डिडक्शन सर्टिफिकेट (कमी कापायची इन्कम टॅक्सची परवानगी) काढलेलं नसेल तर घेणारा अख्ख्या रकमेवरच कापतो. म्हणजे ६० लाखांच्या घरावर ६० हजारांच्या जागी सेस-सरचार्ज धरून साडेआठ लाखांच्या वर अडकले, रिटर्न भरून परत मिळेपर्यंत बसा वाट बघत. दुसरं म्हणजे २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर असेल तर रेसिडेंट माणसाला इंडेक्सेशन (महागाईनुसार वाढवलेली खरेदी किंमत) धरून २० टक्के किंवा ते न धरता साडेबारा, यातलं कमी पडेल ते घेता येतं. एनआरआयला ती सोय नाही. वडिलांनी नव्वद साली बांधलेलं घर असेल तर हा फरक लहान नाही, सीएकडून दोन्ही आकडे काढून घ्या.

इथल्या आमच्या ओळखीतले एक मिरजेचे, ऑकलंडला येऊन चांगले रुळल्यावर फ्लॅट विकला. घेणाऱ्याला वाटलं मालक आपल्याच गावचा, त्यानं नेहमीसारखा १ टक्का कापला आणि ह्यांनीही काही सांगितलं नाही. पुढं इन्कम टॅक्सची नोटीस घेणाऱ्याला आली, कारण कापायची जबाबदारी त्याची, आणि तो माणूस रोज ह्यांच्या म्हाताऱ्या वडिलांच्या दारात. पैसे गेले ते गेलेच, गल्लीत तोंड दाखवायची सोय राहिली नाही. म्हणून परत सांगते, निघायच्या आधी विका. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, त्यात १८२ दिवस भारतात काढले की इन्कम टॅक्ससाठी त्या वर्षी तुम्ही रेसिडेंटच, म्हणजे उन्हाळ्यात व्यवहार उरकून दिवाळीच्या सुमारास निघालात तर दोन्ही साधतं. पूर ओसरल्या ओसरल्या मात्र विकू नका, तेव्हा भाव पाडून मागणारेच फिरत असतात.

आता कागद. हे लोकांना सोपं वाटतं आणि सगळ्यात जास्त वेळ इथंच जातो. प्रॉपर्टी कार्डावर किंवा सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव असतं, वारस नोंद झालेली नसते, आणि मग आठवतं की आत्याचं नाव लावलंच नाही. बहिणीचा आणि आत्याचा हक्क असतो, ती काही मेहरबानी नाही, त्यांना जे द्यायचं ते आधी बोलून घ्या आणि हक्कसोडपत्र रजिस्टर करा, नाहीतर बयाणा घेतल्यावर कोर्टाची नोटीस येते. प्लॉट गुंठेवारीतला (गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून विकलेला) असेल, आणि आपल्याकडं अर्धं शहर गुंठेवारीतच आहे, तर महापालिकेचा नियमित केल्याचा दाखला आहे का बघा, नसेल तर घेणाऱ्याला बँक सहसा कर्ज देत नाही आणि मग तो रोखीवर येतो. निळ्या पूररेषेच्या आत घर असेल तर ते लपवू नका, त्याला कळणारच आहे.

रोखीवरून आठवलं. ‘एवढे चेकनं आणि एवढे वरचे’ ही आपल्याकडची जुनी खोड. वरचे अजिबात घेऊ नका. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याच्या वर रोख घेतले तर तेवढाच दंड बसू शकतो, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे तो पैसा इकडं आणता येत नाही. इथली बँक पैसे कुठून आले ते विचारते, खरेदीखत मागते. चेकच्या पैशाचं सोपं आहे, रेसिडेंट असताना माणशी वर्षाला अडीच लाख अमेरिकन डॉलर बाहेर पाठवता येतात, नंतर एनआरओ (एनआरआयचं भारतातल्या पैशाचं) खात्यातून दहा लाख अमेरिकन डॉलरपर्यंत, सीएच्या सर्टिफिकेटवर.

नाइलाजानं मागं राहिलंच घर तर मुखत्यारपत्र इथल्या भारतीय दूतावासात किंवा नोटरीपुढं करा, आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत स्टॅम्प करून घ्या. भावाला देताना फक्त त्या एका घरापुरतं द्या. भाऊ चांगलाच असतो हो, पण कागद तसाच लिहायचा.

अजून एक गैरसमज. सांगलीचं विकून ऑकलंडला घर घेतलं की भारतातला टॅक्स वाचतो असं छातीठोक सांगणारे इथं पण भेटतील. वाचत नाही. नवीन घर भारतातच घ्यावं लागतं. आणि आल्या आल्या इथं घर घेताही येत नाही, २०१८ पासून कायदाच आहे, रेसिडेंट व्हिसा असला तरी सहसा वर्षभर राहून झाल्यावरच. त्यामुळं भाड्यानं राहा. भाडं आठवड्याचं असतं, डिपॉझिट जास्तीत जास्त चार आठवड्यांचं आणि ते घरमालकाकडं नाही तर सरकारकडं जमा होतं, पावती मागा. घरं थंडगार असतात, हीट पंप चालतो का ते आधी बघायचं.

आपली मंडळी सँड्रिंगहॅम आणि माऊंट रॉस्किलकडं सापडतील, भाजी-पीठ तिथंच. गणपतीला पहिल्यांदा गेलात की दोघं-तिघं घराचं कर्ज करून देतो म्हणून कार्ड देतील, तिसरा शेअरचं शिकवेल. कार्ड घ्या, प्रसाद घ्या, घरी या.

आणि सुरक्षित म्हणजे काय ते नीट समजून या. पोरी रात्री एकट्या बसनं येतात, अपघात झाला तर उपचाराचा बराचसा खर्च एसीसी (इथली सरकारी अपघात विमा योजना) उचलतं, हे खरं आहे. पण २०११ ला क्राइस्टचर्चच्या भूकंपात १८५ माणसं गेली, आणि जानेवारी २०२३ ला ऑकलंड शहरातच पूर आला. पुराला कंटाळून आलेल्या आपल्याच माणसांनी ओढ्याकाठी घर बघितलेलं मी पाहिलंय, का तर बाग मोठी आहे! घर घ्यायच्या वेळी कौन्सिलचा (इथली महापालिका) लिम रिपोर्ट, म्हणजे त्या जागेची त्यांच्याकडची माहिती, काढा, पुराचा नकाशा तर कौन्सिलच्या साइटवर फुकट दिसतो, आणि शेजारच्या म्हातारीला विचारा पाणी कुठवर आलं होतं. सांगलीत आपण असंच विचारायचो.

राहिलं सामान. भडंग, बेदाणा, हळद, लोणचं जे काही बॅगेत असेल ते न्यूझीलंडला येताना भरायच्या फॉर्मवर लिहा. लिहिलं आणि त्यांनी काढून घेतलं तर फक्त भडंग जातं, नाही लिहिलं तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड.