कोटेशन पाठवल्यानंतरच्या शांततेत काय लिहावे

भोसरीतल्या एका वितरकाकडे मी स्क्रू कॉम्प्रेसरच्या, म्हणजे कारखान्याला दाबाखालची हवा पुरवणाऱ्या यंत्राच्या, विक्रीत रुजू झालो, तेव्हा पाठपुराव्याविषयीची माझी कल्पना फारच सोपी होती. कोटेशन पाठवायचे, चार दिवस थांबायचे, मग त्याच मेलवर 'जेंटल रिमाइंडर' एवढे दोन शब्द टाकून तो पुन्हा पाठवायचा, आणि उत्तर येईपर्यंत दर सोमवारी हेच करत राहायचे. चाकणमधल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याला मी असे पाच मेल पाठवले. मेंटेनन्स विभागाच्या ज्या साहेबांनी स्वतः फोन करून 37 किलोवॉटच्या मशीनचे कोटेशन मागवले होते, त्यांनी एकाचेही उत्तर दिले नाही. ऑर्डर दुसऱ्याला गेल्याचे मला तीन महिन्यांनी, त्यांच्याच गेटवर दुसऱ्या कामासाठी पास काढत असताना समजले. आमची किंमत जास्त नव्हती. जुने मशीन चालू असताना नवे कशाला, या वरिष्ठांच्या प्रश्नाचे उत्तर साहेबांना आकड्यांत द्यायचे होते, आणि ते आकडे दुसऱ्या विक्रेत्याने त्यांना मांडून दिले होते. माझ्या पाच मेलांत त्यांच्या उपयोगाचे एकही वाक्य नव्हते.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने प्रथम हे ध्यानात घ्यावे की कारखान्यात वस्तू मागणारा, तिला मंजुरी देणारा आणि ती विकत घेणारा अशी बहुधा तीन वेगवेगळी माणसे असतात. मेंटेनन्स गरज नोंदवतो, खर्च मोठा असेल तर कॅपेक्सची, म्हणजे भांडवली खर्चाची, टिपणी प्लांट हेड आणि फायनान्सकडे जाते, आणि त्यानंतर परचेस तीन कोटेशनांचा तुलनात्मक तक्ता करून वाटाघाटीला बोलावतो. आपले कोटेशन यांपैकी कोणत्या टेबलावर अडकले आहे हे समजल्याशिवाय लिहिलेला मेल अंधारात मारलेल्या दगडासारखा असतो. 'काही अपडेट आहे का?' या प्रश्नाची अडचणही हीच आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर समोरच्याला एकतर दुसऱ्या विभागात जाऊन विचारावे लागते, नाहीतर टिपणी अजून लिहिलीच नाही हे बाहेरच्या माणसापाशी कबूल करावे लागते. या दोन्हींपेक्षा गप्प राहणे त्याला सोपे जाते, आणि त्यात त्याचे फारसे चुकते असे मला वाटत नाही.

म्हणून मी आता पाठपुराव्याच्या पहिल्या मेलमध्ये असा प्रश्न विचारतो, ज्याचे उत्तर मशीनजवळ उभे राहून अर्ध्या मिनिटात देता येईल. स्क्रू कॉम्प्रेसरच्या कंट्रोलरवर दोन आकडे असतात: मशीन एकूण किती तास चालले आणि त्यांपैकी किती तास लोडवर, म्हणजे प्रत्यक्ष हवा दाबत, चालले. आमच्याकडे मेल बहुतेक इंग्रजीतच जातो, पण त्याचा आशय साधारण असा असतो: 'सर, आपल्या सध्याच्या मशीनच्या डिस्प्लेवरचे रनिंग अवर्स आणि लोड अवर्स यांचा फोटो पाठवल्यास, मशीन रिकामे चालण्यात वर्षाला किती वीज जाते याचा हिशेब मी आपल्या टिपणीत जोडता येईल अशा स्वरूपात एका पानावर करून देतो.' कोटेशनचा उल्लेखही मी यात करत नाही. ते खाली जुन्या मेलमध्ये असतेच, कारण नवा मेल सुरू न करता मी त्याच साखळीत उत्तर देतो.

फोटो आला की पुढचा मेल आपोआप सुचतो. समजा, मशीन वर्षाला 6,000 तास चालते आणि त्यांपैकी 40 टक्के वेळ अनलोड असते. अनलोड अवस्थेतही स्क्रू कॉम्प्रेसर पूर्ण भाराच्या साधारण 25 ते 40 टक्के वीज खातो. 30 टक्के धरले तर 37 किलोवॉटच्या मशीनला 11.1 किलोवॉट, म्हणजे 2,400 तासांत 26,640 युनिट होतात, आणि युनिटला साडेआठ रुपये धरल्यास ही रक्कम सव्वादोन लाखांच्या वर जाते. व्हीएफडी मशीन (हवेच्या मागणीनुसार मोटरचा वेग कमी-जास्त करणारे) घेतल्याने हे सगळे पैसे वाचतील असे मात्र चुकूनही लिहू नये, कारण फायनान्समधला माणूस नेमके तेच वाक्य पकडतो आणि ज्या साहेबांनी आपला कागद पुढे नेला ते तोंडघशी पडतात. दर, तास आणि टक्केवारी कोठून घेतली हे प्रत्येक आकड्यापुढे लिहावे, आणि दर त्यांच्याच वीजबिलावरून बदलून घेण्यासाठी जागा मोकळी ठेवावी. असा मेल साहेब जसाच्या तसा पुढे पाठवू शकतात. पाठपुराव्याचा मेल चांगला की वाईट, याची माझ्यापुरती हीच कसोटी आहे.

फोटो आलाच नाही तर आठवड्याभराने दुसरे काहीतरी उपयोगी द्यावे. हवेची गळती हा कायमचा विषय आहे: 7 बार दाबाला 3 मिलिमीटरच्या एका छिद्रातून होणाऱ्या गळतीसाठी कॉम्प्रेसरला अंदाजे 3 किलोवॉट खर्च करावे लागतात. जेवणाच्या सुट्टीत मशीनशॉप बंद असताना कॉम्प्रेसर किती वेळा लोड होतो हे मोजण्याची रीत मी चार ओळींत लिहून पाठवतो. त्यासाठी आमचे मशीन विकत घ्यावे लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच त्या मेलला उत्तरे येतात.

वेळेचेही भान ठेवावे लागते. भोसरी-पिंपरीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. बुधवारी संध्याकाळी पाठवलेला मेल शुक्रवारी सकाळच्या ढिगाऱ्यात तळाशी जातो. महिनाअखेरीस कारखाना डिस्पॅचच्या मागे लागलेला असतो, तेव्हा प्लांट हेडला काहीही लिहू नये. याउलट, ऑगस्टमध्ये एक अगदी खरे कारण हाताशी असते. जुने मशीन काढून नवे बसवायला दिवाळीच्या शटडाउनसारखी सोय नाही, आणि मशीन यायला सहा ते आठ आठवडे लागत असतील तर पीओ, म्हणजे लेखी खरेदी-ऑर्डर, कोणत्या तारखेपर्यंत निघायला हवा हे मागे मोजत सांगता येते. ही मुदत कॅलेंडरने घातलेली असते, आपण नव्हे. 'सोमवारपासून किंमत वाढणार' असे खोटेच लिहून मंगळवारी जुन्याच किमतीला तयार होणारे विक्रेते परचेसवाले वर्षानुवर्षे विसरत नाहीत.

एक चूक मी केली ती कोणी करू नये. परचेसच्या एका अधिकाऱ्याने तीन आठवडे उत्तर दिले नाही म्हणून मी चौथ्या मेलला त्यांच्या प्लांट हेडना सीसीमध्ये घेतले. उत्तर तासाभरात आले, अत्यंत सभ्य भाषेत आले, आणि त्यानंतर त्या कारखान्याची एकही इन्क्वायरी आमच्याकडे आली नाही. मेल उघडला की नाही हे सांगणाऱ्या साधनांचा आधार घेऊन 'आपण मेल पाहिलेला दिसतो' असे म्हणणे हा त्याच जातीचा आगाऊपणा आहे; शिवाय 2021 पासून ॲपलचे मेल ॲप मेलमधली चित्रे आपणहून उतरवून घेऊ शकते, त्यामुळे ती खूण भरवशाचीही राहिलेली नाही. दोन मेल निरुत्तर राहिले की सरळ फोन करावा, आणि त्या बोलण्यात जे ठरले तेवढेच तीन ओळींत लिहून पाठवावे.

चार मेल आणि दोन फोन झाल्यावर मी शेवटचा मेल लिहितो. कोटेशनची 30 दिवसांची मुदत संपली आहे, म्हणून ही फाइल मी बाजूला ठेवतो. हिशेबाचा कागद सोबत पुन्हा जोडला आहे. गरज पडेल तेव्हा याच मेलवर उत्तर द्यावे, एवढेच त्यात असते. तक्रार नसते, आणि 'आपल्याला रस नाही असे समजतो' असा टोमणाही नसतो. रांजणगावच्या एका कारखान्याला असा मेल मी जूनमध्ये पाठवला होता. पुढच्या फेब्रुवारीत, नव्या वर्षाच्या बजेटचे आकडे गोळा होत असताना, त्याच साखळीवर एका अनोळखी नावाने एक ओळ आली: आधीचे साहेब बदलून गेले आहेत, फाइलमध्ये आपला हिशेबाचा कागद मिळाला, आजच्या तारखेचे कोटेशन पाठवावे.